छतावरील सौरऊर्जा: इतरांच्या अनुभवांतून आपल्या घरापुरती माहिती कशी निवडावी?

माडाखाली यांचा प्रश्न

नमस्कार. रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका गावात आमचे घर आहे. आईवडील तिथे राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत असे गेले काही महिने घरात चालले आहे. महिन्याला अडीचशे ते तीनशे युनिट वीज लागते; मे महिन्यात पाहुणे आले आणि विहिरीवरचा पंप जास्त चालला की आकडा साडेतीनशेच्या वर जातो. घर एकमजली आहे, स्लॅबची गच्ची मोकळी आहे, मात्र दक्षिणेच्या अंगाला दोन उंच माड आहेत आणि त्याच बाजूला पाण्याची टाकी आहे.

निर्णय आईवडिलांच्या साठवलेल्या पैशातून घ्यायचा असल्यामुळे मी इंटरनेटवर लोकांनी लिहिलेले अनुभव शक्य तितके वाचले. सरकारी संकेतस्थळावर योजनेची माहिती मिळते आणि पुरवठादार त्याच्या मालाची माहिती देतो, परंतु यंत्रणा बसवल्यानंतर घरात प्रत्यक्ष काय होते हे केवळ ती वापरणारे लोकच सांगू शकतात, अशी माझी समजूत आहे. अडचण अशी की हे लोक एकमेकांच्या अगदी विरुद्ध सांगतात. एक गृहस्थ लिहितात की तीन किलोवॉट बसवल्यापासून बिल जवळजवळ शून्य झाले. दुसरे लिहितात की तेवढ्याच यंत्रणेने त्यांचे बिल निम्मेही झाले नाही. एका ठिकाणी अनुदान ४३,७६४ रुपये मिळाल्याचे वाचले, दुसऱ्या ठिकाणी ७८,००० रुपये. विदर्भातील एका बाई पावसाळ्यातही फारसा फरक पडत नाही असे सांगतात, तर कोणी लिहितो की लाइट गेली की पॅनेल असूनही घरात अंधारच असतो, त्यामुळे हा सगळा खर्च वाया आहे.

यांतील कोणी मुद्दाम खोटे लिहीत असेल असे मला वाटत नाही. म्हणून कोणती कंपनी घ्यावी हे मी येथे विचारत नाही. इतरांचा अनुभव वाचताना त्यातील कोणता भाग आमच्या घराला लागू होतो आणि कोणता होत नाही, हे कसे ओळखावे? लिहिणाऱ्याला उलट काय विचारावे? ज्यांनी असा निर्णय घेताना इतरांच्या लेखनाचा खरोखर उपयोग करून घेतला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

अक्षवृत्त यांचे उत्तर

आपण उल्लेख केलेली जवळजवळ सर्व विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. प्रत्येकाने आपापल्या छताविषयी, आपापल्या वर्षाविषयी आणि आपापल्या वीजवापराविषयी लिहिले आहे. तो संदर्भ मात्र लिहायचा राहून गेला आहे.

माझा सल्ला असा की कोणाचाही अनुभव अखंड स्वीकारू नये किंवा अखंड नाकारू नये. त्याचे भाग करावेत. ऊन किती मिळाले, सामान कसे टिकले, बिलाचा हिशेब कसा झाला आणि कागदपत्रे व अनुदान यांचे काय झाले, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीची लागू पडण्याची हद्द वेगळी आहे. उन्हाचा अनुभव त्या ठिकाणापुरता आणि त्या छतापुरता असतो. सामानाचा अनुभव हवामान सारखे असेल तर दुसऱ्या राज्यातूनही घेता येतो. बिलाचा अनुभव मात्र राज्याची सीमा ओलांडली की निरुपयोगी होतो, कारण नेट मीटरचे, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही बाजूंची वीज मोजणाऱ्या मीटरचे, नियम प्रत्येक राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. अनुदानाच्या बाबतीत तर लिहिणाऱ्याच्या गावापेक्षा लिहिल्याची तारीख महत्त्वाची आहे.

आपल्याला खटकलेले अनुदानाचे दोन आकडे पाहा. २०२४ पूर्वी केंद्राचे अनुदान तीन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट १४,५८८ रुपये होते. त्याची तिप्पट केली की बरोबर ४३,७६४ येतात. जानेवारी २०२४ मध्ये हा दर वाढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घरांच्या छतावरील सौरऊर्जेसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० असे मिळून ७८,००० रुपये मिळतात, आणि तीन किलोवॉटच्या पुढे कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी रक्कम तेवढीच राहते. दोघांनीही खरेच लिहिले आहे. फक्त एकाने आधी बसवले आणि दुसऱ्याने नंतर. म्हणून शोधताना विषयासोबत वर्ष टाकावे आणि लेखावर तारीख नसेल तर त्यातील रुपयांचे आकडे सरळ सोडून द्यावेत. एकूण किमतीचेही तसेच आहे. अनुदान हवे असेल तर आतील सौर सेलसह भारतात बनलेली पॅनेल घ्यावी लागतात आणि ती इतर पॅनेलपेक्षा महाग पडतात. त्यामुळे “मला फार स्वस्तात पडले” असे लिहिणाऱ्याला त्याने अनुदान घेतले होते का, हे विचारल्याशिवाय त्याच्या किमतीशी तुलना करता येत नाही.

आता “बिल शून्य झाले” या वाक्याकडे वळू, कारण सर्वाधिक दिशाभूल याच वाक्याने होते. बिल शून्य झाले यावरून यंत्रणेविषयी काहीच कळत नाही. एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट हा ढोबळ हिशेब धरला, तर तीन किलोवॉटची यंत्रणा महिन्याला साधारण ३६० युनिट तयार करते. ज्या घरात दीडशे युनिटच लागतात, तिथे स्थिर आकार आणि किरकोळ रकमा सोडल्या तर बिल उरणारच नाही. ज्या घरात सहाशे-सातशे युनिट लागतात, तिथे तीच यंत्रणा तितक्याच उत्तम रीतीने चालूनही बिल येत राहील. पहिला समाधानी आणि दुसरा नाराज आहे, पण दोघांच्या छतावर वीज सारखीच तयार होते आहे. अशा वेळी लिहिणाऱ्याला तीन आकडे विचारावेत: इन्व्हर्टरने (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राने) त्या महिन्यात किती युनिट तयार केले, वीज कंपनीकडून किती युनिट घेतले आणि वीज कंपनीला किती युनिट दिले. नेट मीटर असलेल्या बिलावर घेतलेल्या आणि दिलेल्या युनिटांची नोंद असते, आणि तयार झालेल्या युनिटांचा आकडा इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये दिसतो. ज्याच्याकडे हे तीन आकडे आणि गावाचे नाव आहे त्याच्या दोन ओळी, रंगवून लिहिलेल्या दोन पानांपेक्षा मोलाच्या आहेत.

आणखी एक बाब कोकणासाठी विशेष आहे. महाराष्ट्रातील २०१९ च्या नियमांनुसार एका महिन्यात जास्तीची झालेली युनिटे पुढच्या महिन्यात वळती होतात, पण हे आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंतच. मार्चअखेर जी शिल्लक राहते ती पुढच्या वर्षी जमा राहत नाही. आयोगाने ठरवलेल्या दराने वीज कंपनी ती विकत घेते, आणि तो दर आपण घरगुती विजेसाठी मोजतो त्याहून बराच कमी असतो. आपल्याकडे एप्रिल-मेचे कडक ऊन वर्षाच्या आरंभी येते आणि जुलै-ऑगस्टची तूट नंतर येते, हे सोयीचे आहे. हिवाळ्यातील शिल्लक मात्र मार्चमध्ये स्वस्तात जाते. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवणाऱ्याचा पहिल्या सहा महिन्यांचा आनंद आणि मार्चनंतरचे त्याचे मत यांत फरक पडू शकतो. अनुभव वाचताना लिहिणाऱ्याने एक मार्च ओलांडला आहे का, हे अवश्य पाहावे. नियम आणि दर बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्याच्या वेळी लागू असलेला आदेश महावितरणच्या कार्यालयातून खात्री करूनच गृहीत धरावा.

---

कायलाकाठी यांचे उत्तर

मी बरीच वर्षे कोचीत राहतो. वर अक्षवृत्त यांनी सामानाविषयी जे एका वाक्यात म्हटले आहे, ते मला जरा विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण मराठी माणूस सवयीने मराठीतच शोधतो आणि मग रत्नागिरीच्या घरासाठी नाशिक-नागपूरचे अनुभव वाचत बसतो. आपल्या गावाला खारा वारा आहे, धो धो पाऊस आहे आणि माड आहेत. हे सगळे केरळच्या किनाऱ्यावरही आहे, आणि इथे घरांवर पॅनेल बसवणारे पुष्कळ आहेत. भाषांतराची सोय आता फोनमध्येच असल्यामुळे मल्याळम लेखन वाचायला अडत नाही. गोव्यातील लोकांनी लिहिलेलेही शोधावे. नागपूरच्या लेखातून बिलाचा हिशेब घ्यावा आणि किनाऱ्यावरच्या लेखातून गंजाचा.

गंजाविषयी वाचताना लोकांचे लक्ष पॅनेलकडे असते, परंतु पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची असते आणि ती सहसा तग धरते. खाऱ्या हवेतील टिकाऊपणासाठी पॅनेलची आयईसी ६१७०१ ही वेगळी चाचणी आहे. ती झालेली आहे का, हे पुरवठादाराला विचारता येते. खरी परीक्षा खालच्या सांगाड्याची होते. लोखंडावर जस्ताचा थर दिलेला असतो, पण जागेवर बसवताना कारागीर माप जमवण्यासाठी नळी कापतात, जास्तीचे भोक पाडतात, वेल्डिंगचा टाका मारतात, आणि त्या ठिकाणी थर निघून उघडे लोखंड राहते. पहिल्या पावसाळ्यानंतर तिथे तपकिरी ओघळ दिसू लागतात. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे नसतील तर तेही लवकर गंज धरतात. वायरी बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हाने कडक होऊन तुटतात, वायर लोंबू लागते आणि वाऱ्याने धारेवर घासत राहते.

ही माहिती मिळवायची तर लोकांना फोटो मागावा, आणि तो खालून काढलेला मागावा. बसवल्याच्या दिवशी सगळे जण वरून, निळ्याशार पॅनेलचा फोटो टाकतात. त्यातून काही समजत नाही. “आपल्या सांगाड्याच्या पायाजवळचा आणि बोल्टचा आजचा फोटो टाकाल का, आणि किती पावसाळे झाले?” असे नम्रपणे विचारले की बहुतेक लोक आनंदाने टाकतात. इथल्या लोकांशी बोलताना मला हा एक प्रश्न सर्वांत उपयोगी पडला.

माडांविषयी एक वेगळी सूचना. पॅनेलची काच टफन केलेली असते आणि प्रमाणित चाचणीत तिच्यावर सुमारे २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्यांचा मारा करून पाहतात. नारळ किंवा ओली झावळ पडण्याचा विचार त्या चाचणीत केलेला नाही. त्यामुळे माडाच्या थेट खाली येणारी जागा, सावलीचा प्रश्न नसता तरी, मी सोडूनच दिली असती.

---

उंबरठा यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. इंटरनेटवर कोण लिहितो याचा विचार आधी व्हायला हवा. नुकतीच यंत्रणा बसवलेला माणूस उत्साहाने लिहितो, फसवणूक झालेला रागाने लिहितो. ज्याची यंत्रणा चौथ्या वर्षी नीट चालली आहे आणि जो महिन्यातून एकदा फडके मारण्यापलीकडे तिच्याकडे पाहत नाही, तो कशाला लिहील? आपल्याला नेमकी त्याचीच साक्ष हवी असते. त्यामुळे समाधानी आणि असमाधानी लोक किती याची मोजदाद इंटरनेटवरील लेखनातून करू नये. दहा तक्रारी वाचल्या म्हणजे दहापैकी दहा यंत्रणा बिघडतात असे होत नाही. तक्रारीवरून काय बिघडू शकते एवढेच कळते, आणि तेवढ्यापुरती ती फार उपयोगाची असते.

दुसरा मुद्दा वेशांतर केलेल्या जाहिरातीचा. ग्राहकांच्या अभिप्रायांबाबत भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले, ज्यात अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत याचे नियम आहेत. परंतु ते ऐच्छिक आहे, आणि समाजमाध्यमांवरील गटांत कोण काय लिहितो हे तर वाचणाऱ्यालाच पारखावे लागते. ज्या लेखात कंपनीचे नाव तीनदा येते पण किलोवॉट, महिना आणि गाव एकदाही येत नाही, तो मी वाचायचा थांबतो. एकही उणीव न सांगणाऱ्याला मी एक साधा प्रश्न विचारतो: तुमचा सर्वांत वाईट महिना कोणता आणि त्यात किती युनिट झाले? ज्याच्या घरी यंत्रणा आहे त्याला हे सांगता येते. ज्याच्या घरी नाही, तो खासगी संदेशात फोन नंबर देतो. अभिप्रायांसोबत दिलेल्या ताऱ्यांच्या (रेटिंगच्या) सरासरीबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून माझे सांगणे असे की इंटरनेटवर प्रश्न गोळा करावेत आणि उत्तरे पंचक्रोशीत शोधावीत. आपल्या वडिलांना गावात आणि शेजारच्या वाडीत कोणाच्या छतावर पॅनेल आहेत हे एका फेरफटक्यात दिसेल. ज्यांच्याकडे तीन-चार वर्षे झाली आहेत, त्यांच्याकडे बसून चहा घ्यावा आणि बिल पाहायला मागावे. बसवणारा माणूस बोलावल्यावर आजही येतो का, हे तेच सांगू शकतील. योजनेतील करारानुसार पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करायची असते. ती प्रत्यक्षात किती होते, हे त्या त्या तालुक्यातील त्या त्या माणसावर अवलंबून आहे, आणि त्याविषयी कोचीचा किंवा पुण्याचा वाचक काय सांगणार?

---

माडाखाली यांचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. उंबरठा यांचे म्हणणे पटले आणि वडिलांना कळवले. आमच्या गावात अजून कोणाकडे पॅनेल नाहीत, पण खाडीपलीकडे एका घरावर आहेत आणि ते कुटुंब ओळखीचे आहे, त्यामुळे वडील जाणार आहेत. त्यांच्यासाठी मी प्रश्न लिहून दिले आहेत: किती किलोवॉट, कोणत्या वर्षी, एप्रिलमध्ये किती, जुलैमध्ये किती, बोल्ट गंजले का, दुरुस्तीला कोणी आले का.

तरीही दूरच्या लोकांचे लेखन मला सोडवत नाही, कारण वडील ज्यांना भेटतील ते एकच घर आहे आणि त्यांच्याकडे माड नाहीत. अक्षवृत्त यांनी सांगितल्याप्रमाणे मी किनारपट्टीवरील काही लोकांना महिनावार युनिटे विचारली. ज्यांनी उत्तर दिले त्यांच्या आकड्यांत जुलैचे उत्पादन एप्रिलच्या निम्म्याच्या आसपास येते, आणि जागतिक बँकेच्या ग्लोबल सोलर ॲटलासवर आमच्या गावावर टिचकी मारली तर तिथेही पावसाळ्यातील घसरण तशीच दिसते. दोन वेगळ्या वाटांनी एकच गोष्ट कळल्यामुळे धीर आला.

आता एक नवी शंका. इंग्रजीत आणि हिंदीत बऱ्याच ठिकाणी अशी तक्रार वाचली की भर दुपारी, कडक उन्हात, इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. हे लोक पॅनेलला दोष देतात, काही इन्व्हर्टरला देतात. आमच्याकडे असे होण्याचा संभव आहे का, हे आधी कसे समजेल? आणि लाइट गेल्यावर अंधार होतो, ही तक्रार खरी आहे का?

---

धनऋण यांचे उत्तर

मी विद्युत क्षेत्रात काम करतो, म्हणून या दोन तक्रारींबद्दल लिहितो.

लाइट गेल्यावर अंधार होतो हे खरे आहे आणि तो बिघाड नाही. बॅटरी नसलेला, ग्रीडला (वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला) जोडलेला इन्व्हर्टर वीजपुरवठा खंडित होताच बंद व्हावा अशीच त्याची रचना असते. नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून आलेल्या विजेचा झटका बसेल. ज्यांना हे आधी कोणी सांगितले नाही ते यंत्रणेवर रागावतात. कोकणात पावसाळ्यात लाइट वारंवार जाते हे लक्षात घेता, आईवडिलांसाठी दिवे-पंख्यापुरती सोय हवी असेल तर घरगुती बॅटरी-इन्व्हर्टर वेगळा ठेवावा किंवा बॅटरीसह चालणाऱ्या हायब्रिड इन्व्हर्टरचा विचार करावा, खर्च वाढेल.

दुपारी बंद पडण्याचे कारण पुष्कळदा पॅनेलमध्येही नसते आणि इन्व्हर्टरमध्येही नसते. रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, शेवटच्या खांबावर घर असेल आणि तार लांब व बारीक असेल, तर आपली वीज तारेत ढकलताना घराजवळचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतो. दुपारी वापर कमी आणि उत्पादन सर्वाधिक असते, त्यामुळे व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर गेले की इन्व्हर्टर सुरक्षिततेसाठी बाजूला होतो. आजूबाजूच्या आणखी घरांवर पॅनेल आले की हे वाढते. शोधाच्या दृष्टीने हे उदाहरण चांगले आहे. “इन्व्हर्टर खराब आहे का” असे शोधले तर हजार मते मिळतात. परंतु इन्व्हर्टरच्या पडद्यावर जो संदेश किंवा जो कोड दिसतो तो जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत टाकून शोधला, तर नेमकी तीच अडचण आलेले लोक सापडतात. कंपनीचे नाव टाकून शोधल्यास कौतुक आणि निंदा हाती येते, लक्षण टाकून शोधल्यास कारण हाती येते. असे दुवे उघडल्यावर आधी शेवटचे पान पाहावे. प्रश्न विचारणारा परत येऊन “मग काय केले आणि काय झाले” हे लिहून गेला असेल, तर तेवढे पूर्ण वाचावे. नुसते तर्क लढवून अर्ध्यावर सोडलेल्या चर्चा कितीही लांब असल्या तरी त्यात वेळ घालवू नये. चित्रफितींच्या बाबतीतही मी चित्रफीत थोडी पाहतो आणि खालच्या प्रतिक्रिया सावकाश वाचतो, कारण बिघाडाची खरी हकीकत बहुधा तिथे असते.

आपल्याकडे हे होईल का, याचा अंदाज आधीच घेता येतो. ओळखीच्या वायरमनकडून मल्टिमीटरने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, वेगवेगळ्या दिवशी, घरातील व्होल्टेज मोजून घ्यावे. सिंगल फेजला ते २३०-२४० च्या आसपास असेल तर काळजी नाही. पॅनेल नसतानाच ते २५० च्या वर जात असेल, तर आधी महावितरणकडे तक्रार नोंदवावी आणि रोहित्र व तार यांची पाहणी करून घ्यावी. घर रोहित्रापासून कितव्या खांबावर आहे, हेही लिहून ठेवावे. तांत्रिक उत्तर देणाऱ्याला ते फार उपयोगी पडते.

---

अक्षवृत्त यांचे उत्तर

सावलीबद्दल कोणीच लिहिले नाही आणि आपल्या घराचा कळीचा मुद्दा तोच आहे, म्हणून पुन्हा लिहितो. ही एक गोष्ट इतर कोणाच्याही अनुभवातून घेता येणार नाही.

रत्नागिरीचे अक्षांश १७ अंशांच्या जवळ आहे. मेच्या पूर्वार्धात भर दुपारी सूर्य तिथे जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेकडच्या माडांची सावली गच्चीवर येतच नाही. पुरवठादाराने मे महिन्यात पाहणी करून “सावली नाही” असे लिहून दिले तर ते त्या दिवसापुरते खरे असेल. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच असतो. तेव्हा माडाची स्लॅबच्या वर जेवढी उंची असेल, तिच्या सुमारे ८५ टक्के लांबीची सावली उत्तरेकडे पडते. म्हणजे स्लॅबच्या वर २५ फूट माड असेल तर गच्चीवर जवळपास २१ फूट सावली. सकाळी नऊ वाजता तर सावली उंचीच्या दुपटीहून लांब असते आणि वायव्येकडे पसरते. पाण्याच्या टाकीलाही हेच लागू आहे. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली आली तरी त्या ओळीच्या उत्पादनाला झळ बसते. पॅनेलमधील बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वगळून विजेला वाट देणारे भाग) ती कमी करतात, पण पूर्ण घालवत नाहीत.

म्हणून डिसेंबर अखेरीस एका निरभ्र दिवशी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि तीन वाजता गच्चीवर सावलीची कड खडूने आखावी आणि तिन्ही रेषांचा एकत्र फोटो काढावा. जी जागा तिन्ही वेळा उन्हात राहते तीच आपली जागा. तीन किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट लागतात; तेवढी उरते का ते मोजावे. उरत नसेल तर दोन किलोवॉटचा विचार करावा. तेव्हा अनुदान ६०,००० होईल आणि वर्षाच्या हिशेबात तूट राहील, पण सावलीतल्या तिसऱ्या किलोवॉटसाठी पैसे घालण्यापेक्षा ते बरे. जागा ठरल्यावर पीव्हीजीआयएस या युरोपीय आयोगाच्या मोफत साधनात आपले ठिकाण, पॅनेलचा उतार आणि दिशा भरली की महिनावार अंदाज मिळतो. त्याच्याशी पीव्हीआउटपुट या संकेतस्थळावर लोकांनी स्वतःहून नोंदवलेले किनारपट्टीवरचे रोजचे आकडे ताडून पाहावेत. तिथे मते नसतात, रोजची युनिटे असतात, म्हणून मला ती जागा विशेष आवडते.

---

माडाखाली यांचे उत्तर

सावलीचा हिशेब वाचून घरी लगेच फोन केला. माड तोडायला वडील तयार नाहीत, आणि मलाही ते नको आहे, त्यामुळे पॅनेल गच्चीच्या उत्तरेच्या कडेला सरकवता येतात का ते पाहावे लागेल. डिसेंबरपर्यंत थांबायचे आम्ही ठरवले आहे. नाताळच्या सुट्टीत मी गावी असेन, तेव्हा खडूने रेषा आखून माप आणि फोटो येथेच टाकीन. व्होल्टेज मोजायला वायरमन पुढच्या आठवड्यात येणार आहे. आमचे घर रोहित्रापासून सातव्या खांबावर आहे. आकडे मिळाले की धनऋण यांच्यासाठी लिहीन.

तोवर एक विनंती आहे. ज्यांच्या घरी किनाऱ्यालगत किमान तीन पावसाळे झालेली यंत्रणा आहे, त्यांनी गाव किंवा तालुका, बसवल्याचे वर्ष, किलोवॉट, एप्रिल आणि जुलैची युनिटे, आणि सांगाड्याचा खालून काढलेला फोटो एवढे टाकावे. कंपनीचे नाव नसले तरी चालेल.